युरोपात पहिल्यांदा रेल्वेनं फिरताना: आधी तिकीट नीट वाचा

विचारलं आहे ते थोडक्यात असं. मे महिन्यात पाच जणांचं कुटुंब पॅरिसला उतरणार: पती-पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले आई-वडील. तिथून झुरिक, झुरिकला चार दिवस मुक्काम, मग मिलानला गाडी बदलून फ्लोरेन्स आणि शेवटी रोम. सगळा प्रवास रेल्वेनं. परदेशात आजवर यांच्यापैकी कोणीच रेल्वेत बसलेलं नाही. तिकिटं आधी काढायची की तिथं पोहोचल्यावर, युरेल पास (अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास) घ्यावा का, स्टेशनवर किती लवकर जायचं, आणि आईचे गुडघे दुखतात, तर हे सगळं झेपेल का?

झेपेल. तुमचा मार्ग गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी बराच सोयीचा आहे, त्याचं कारण पुढे सांगते. लोकांच्या युरोपातल्या रेल्वेप्रवासाची आखणी करून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. नवख्या प्रवाशांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती गाडी आणि डबा सापडेल का याची. प्रत्यक्षात गाडी सापडतेच. दंड भरावा लागतो, गाडी हातची जाते किंवा दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात, ते तिकिटाच्या अटी वाचलेल्या नसतात म्हणून. त्यामुळे प्रत्येक तिकिटाला एकच प्रश्न विचारायचा: हे तिकीट मला एका ठरावीक गाडीशी बांधतं, की फक्त एका मार्गाशी?

गाडीशी बांधलेलं तिकीट म्हणजे तीच तारीख, तीच वेळ, तोच गाडी नंबर, आणि बहुतेक वेळा डबा आणि आसनही ठरलेलं. फ्रान्सच्या टीजीव्ही, फ्रान्स-स्वित्झर्लंडमधल्या लिरिया, इटलीच्या फ्रेच्चारोसा आणि इतालो या वेगवान गाड्यांमध्ये आरक्षणाशिवाय बसताच येत नाही. स्वस्तातलं तिकीट असेल आणि तुमच्या चुकीनं गाडी चुकली, तर पुढच्या गाडीत ते चालत नाही. महाग दराच्या तिकिटात बदलाची मुभा असते, स्वस्तात ती नसते किंवा फार थोडी असते. मार्गाशी बांधलेलं तिकीट याच्या उलट. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक ते ल्युसर्नचं साधं तिकीट घेतलंत, तर त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीनं जा. आरक्षण नाही, जागा दिसेल तिथं बसायचं. ते तिकीट दुसऱ्या दिवशी पहाटे ५ पर्यंत चालतं. मात्र त्यावर कुठल्या गावावरून जायचं ते छापलेलं असतं, त्या मार्गानंच जायला हवं.

यावरून तिकिटं कधी काढायची तेही ठरतं. पॅरिस-झुरिक, झुरिक-मिलान, मिलान-फ्लोरेन्स आणि फ्लोरेन्स-रोम ही चारही तिकिटं आधी काढा, विक्री सुरू होईल तितक्या लवकर. या गाड्यांचे दर विमानासारखे वाढत जातात आणि मे महिना गर्दीचा. विक्री साधारण काही महिने आधी उघडते. डिसेंबरच्या मध्यावर दरवर्षी साऱ्या युरोपाचं वेळापत्रक बदलतं, म्हणून त्या सुमाराला पुढच्या वर्षीच्या गाड्या दिसत नसतील तर घाबरू नका, थोडं थांबा. स्वित्झर्लंडमधली रोजची भटकंती आणि फ्लोरेन्सहून पिसासारखी एक दिवसाची सहल यांची तिकिटं मात्र त्या दिवशी सकाळी काढली तरी चालतात. तिथं आधी तारीख बांधून घेतलीत तर उलट पावसाच्या दिवशी पंचाईत.

तिकीट शक्यतो त्या-त्या रेल्वेच्या स्वतःच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून काढा: फ्रान्ससाठी एसएनसीएफ कनेक्ट, स्वित्झर्लंडसाठी एसबीबी मोबाइल, इटलीसाठी ट्रेनइतालिया. मधल्या विक्रेत्याकडून घेतलेलं तिकीट चालतं, पण गाडी रद्द झाली की बदल आणि परतावा त्याच्याकडूनच घ्यावा लागतो, आणि फलाटावर उभं राहून ते करणं मनस्तापाचं असतं. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. तिकिटाची पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि पाचही तिकिटं एकाच फोनमध्ये ठेवू नका. तपासनीस आला तेव्हा तो फोन बंद पडलेला असला, तर अडचण सगळ्या कुटुंबाची होते.

आता पास. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल आणि युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल, अशी विभागणी आहे. युरेल उत्तम गोष्ट आहे, पण तुमच्यासाठी नाही. तुमच्या चारही लांबच्या गाड्यांना पासवरसुद्धा वेगळं आरक्षण, वेगळे पैसे लागतात. लिरियामध्ये पासवाल्यांसाठीच्या जागा मोजक्या असतात, त्या संपल्या की गाडी अर्धी रिकामी असूनही पासवर बसता येत नाही. इतालो तर युरेलमध्ये येतच नाही. ज्यांना रोज सकाळी उठून कुठे जायचं ते ठरवायचंय, आणि जे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडसारख्या आरक्षणाची सक्ती कमी असलेल्या देशांत फिरणार आहेत, त्यांनी पास घ्यावा. तारखा ठरलेल्या असताना आणि आधी तिकिटं काढणं शक्य असताना पास महागच पडतो.

स्वित्झर्लंडचा हिशेब वेगळा. तिथला स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो आणि त्यात रेल्वे, बस, तलावातल्या बोटी, शहरातल्या ट्राम असं जवळपास सगळं येतं. तुम्हा पती-पत्नीपैकी एकाकडे हा पास असेल तर १६ वर्षांखालच्या मुलांना स्विस फॅमिली कार्ड मोफत मिळतं, म्हणजे मुलीचा प्रवास फुकट. दुसरा पर्याय हाफ फेअर कार्ड: महिनाभर चालतं आणि बहुतेक तिकिटं अर्ध्या दरात मिळतात, डोंगरावर जाणाऱ्या गाड्यांचीसुद्धा. झुरिकला राहून रोज लांब जाणार असाल तर पास, एखादाच मोठा डोंगर आणि बाकी शहरात निवांतपणा असेल तर हाफ फेअर. युंगफ्राउयोख या आल्प्समधल्या उंच डोंगरी स्टेशनाला जायचं ठरवलंत तर लक्षात ठेवा, ट्रॅव्हल पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावांपर्यंतच पूर्ण चालतो. त्यापुढे फक्त २५ टक्के सवलत आहे, पूर्ण फुकट नाही. आई-वडिलांची तब्येत बघता चारही जणांना एकच पर्याय घेण्याची गरज नाही. जे कमी फिरणार आहेत त्यांना कार्ड, बाकीच्यांना पास, असं करता येतं. फक्त मुलीचं फॅमिली कार्ड तुमच्यापैकी ज्याच्या पासवर असेल, त्यानं तिच्याबरोबर असायला हवं.

पॅरिसपासून सुरुवात करू. पॅरिसला एक मुख्य स्टेशन असं नाही, दिशेप्रमाणे वेगवेगळी आहेत. लंडन, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅमकडच्या गाड्या गार द्यु नॉरहून, स्ट्रासबुर्गकडच्या गार द लेस्तहून, आणि झुरिकची तुमची लिरिया गार द लियोंहून. हॉटेल निवडताना हे लक्षात ठेवा. सामान आणि वडीलधारी माणसं घेऊन सकाळच्या गर्दीत मेट्रोच्या जिन्यांवरून शहर ओलांडायची वेळ येऊ नये. त्या दिवशी टॅक्सी करा, हा खर्च वाया जात नाही.

गार द लियोंला फलाटांना एका बाजूला अक्षरं आहेत, ए ते एन, आणि दुसऱ्या बाजूला ५ ते २३ असे आकडे. तुमची गाडी कुठल्या फलाटावर आहे ते गाडी सुटण्याच्या साधारण वीस मिनिटं आधी फलकावर येतं, त्याआधी कोणालाही विचारून उपयोग नसतो. तोवर मोठ्या फलकासमोर बसायला जागा बघा. आणि इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: टीजीव्हीची दारं सुटण्याच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. तिकिटावर १०:२२ लिहिलं असेल तर तुमच्यासाठी गाडी १०:२० ला सुटली. शिवाय एक टीजीव्ही २०० मीटर लांब असते, आणि दोन जोडून सोडल्या की ४०० मीटर. तुमचा डबा टोकाला असेल तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेवढं अंतर चालायला सात-आठ मिनिटं सहज लागतात. म्हणून पॅरिसला पाऊण तास आधी पोहोचा. या मार्गावर विमानतळासारखी तपासणी नाही, पण फलाटाच्या तोंडाशी तिकीट स्कॅन करावं लागू शकतं.

लिरियाच्या गाड्या दुमजली आहेत. तिकीट काढताना खालचा मजला निवडा, तो पर्याय आसन निवडताना दिसतो. आणि इथं एक गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्यांना माहीत नसते: या दुमजली टीजीव्हीमध्ये एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायची वाट वरच्या मजल्यावरून आहे. ‘आत्ता कुठल्याही डब्यात चढू आणि आतून चालत जाऊ’ असं केलंत तर मोठ्या बॅगा घेऊन अरुंद जिना चढणं आणि उतरणं आलं. थोडं जास्त चाला, पण आपल्याच डब्याच्या दारातून चढा. दोन गाड्या जोडलेल्या असतील तर एकीतून दुसरीत आतून जाताच येत नाही, आणि वाटेत त्या वेगळ्या होऊन दोन दिशांना जाण्याची शक्यता असते. जर्मनीत बर्लिनहून येणाऱ्या काही गाड्या हाम स्टेशनात अशाच तुटतात, अर्धी गाडी कोलोनला आणि अर्धी ड्युसेलडॉर्फला. दारावरच्या छोट्या पाटीवर डब्याचा नंबर आणि शेवटचं स्टेशन असतं, चढण्याआधी तेवढं वाचाच.

सामानाबद्दल स्पष्टच सांगते. हमाल मिळेल असं समजू नका. प्रत्येकाला आपली बॅग स्वतः उचलून डब्यात चढवता आली पाहिजे, आणि आई-वडिलांच्या बॅगा तुमच्या वाट्याला येणार हे धरूनच बॅगा निवडा. पाच जणांत तीन मध्यम बॅगा आणि पाठीवरच्या सॅक, याहून जास्त नको. फ्रान्समध्ये सामानाला नावाची चिठ्ठी लावणं सक्तीचं आहे, आणि टीजीव्हीत माणशी दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली पिशवी अशी मर्यादा आहे. चढताना तुमच्यापैकी एकानं आधी आत जायचं, मग आई-वडील आणि मुलगी, आणि शेवटच्या माणसानं बाहेरून बॅगा द्यायच्या. गार द लियोंसारख्या सुरुवातीच्या स्टेशनात गाडी बराच वेळ उभी असते. मधल्या स्टेशनात मात्र दोन-तीन मिनिटंच मिळतात, म्हणून उतरायच्या दहा मिनिटं आधी सामान काढून दारापाशी या. दार आपोआप उघडत नाही. बटण असतं, त्यावर हिरवा दिवा लागला की दाबायचं. नवखी माणसं बंद दारासमोर वाट बघत राहतात आणि गाडी निघून जाते.

आईसाठी मदत हवी असेल तर ती मोफत मिळते: व्हीलचेअर, फलाटापर्यंत सोबत, डब्यात चढवणं. युरोपीय संघाच्या नियमानुसार २४ तास आधी कळवावं लागतं. संकोच करू नका. चालता येत असलं तरी लांब चालणं झेपत नाही, एवढं कारण पुरेसं आहे.

आणि आता तुमचा मार्ग सोयीचा का आहे ते. गार द लियों, झुरिक एचबीचे (मुख्य स्टेशनाचे) जमिनीवरचे फलाट, मिलानो चेंत्राले, फ्लोरेन्सचं सांता मारिया नोव्हेल्ला आणि रोमचं तेर्मिनी, या सगळ्या ठिकाणी रूळ संपतात. गाडी समोर येऊन थांबते आणि सगळे फलाट पुढच्या बाजूला एकाच सपाट जागेत उघडतात. पूल नाही, भुयार नाही. एका गाडीतून उतरून दुसरीत जायला फक्त चालायचं असतं. झुरिकमध्ये अपवाद आहे: ३१ ते ३४ आणि ४१ ते ४४ हे फलाट जमिनीखाली आहेत. उपनगरी गाड्या आणि काही लांबच्या गाड्या तिथून सुटतात. लिफ्ट आहेत, फक्त त्या शोधायला पाच मिनिटं जास्त धरा.

स्वित्झर्लंडमध्ये आल्यावर तुम्हाला वेगळंच जग भेटेल. फलाटावर जायला फाटक नाही, तिकीट कोणी मागत नाही, आणि म्हणून कोणी बघतच नाही असं वाटतं. गाडीत तपासनीस येतो, आणि ‘मी आत्ता ॲपवर काढतो’ हे उत्तर चालत नाही. गाडी सुटण्याआधी तिकीट हातात हवं. पहिल्या वर्गाच्या डब्यांवर खिडक्यांच्या वर बहुतेक ठिकाणी पिवळी पट्टी आणि दाराशी १ चा आकडा असतो. दुसऱ्या वर्गाचं तिकीट घेऊन तिथं बसलात, अगदी चुकून, तरी दंड होऊ शकतो. स्टेशनात पिवळ्या कागदावर सुटणाऱ्या गाड्या आणि पांढऱ्यावर येणाऱ्या गाड्या छापलेल्या असतात. इटलीतही रंग हेच. घाईत पांढरा तक्ता वाचून भलत्याच फलाटावर गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

स्विस गाड्या ठरावीक अंतरानं धावतात. १९८२ पासून देशभर हीच पद्धत आहे: एखादी गाडी ९:०५ ला असेल तर १०:०५ आणि ११:०५ लाही असते, आणि गाठायची दुसरी गाडी समोरच्या फलाटावर थांबलेली असते. ॲप सहा मिनिटांत गाडी बदला म्हणालं तर तो वेडेपणा नाही. २०२४ साली तिथल्या ९३.२ टक्के प्रवाशांनी तीन मिनिटांच्या आत वेळेवर मुक्काम गाठला. त्याच वर्षी जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये सहा मिनिटांची सूट धरूनही वेळेवर होत्या त्या ६२.५ टक्के. पुढे कधी जर्मनीला जाल तेव्हा सहा मिनिटांच्या बदलावर अजिबात विसंबू नका, अर्धा-पाऊण तास ठेवा. तिथं बचत दराचं तिकीट एका गाडीशी बांधलेलं असतं, पण मुक्कामी पोहोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी घेता येते.

झुरिक ते मिलान हा टप्पा तीन-सव्वातीन तासांचा. युरोसिटी (एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी) गाडी २०१६ साली सुरू झालेल्या ५७ किलोमीटर लांबीच्या गोटहार्ड तळबोगद्यातून जाते, तेव्हा वीसेक मिनिटं बाहेर काळोखच असतो. आल्प्स बघायचेच असतील तर त्रेनो गोत्तार्दो ही गाडी जुन्या डोंगरी मार्गानं जाते. डोंगर चढताना रूळ इतके वळसे घेतात की वासेन गावातलं चर्च तीन वेगवेगळ्या उंचीवरून तीनदा दिसतं. मला तो मार्ग फार आवडतो. पण बेलिंझोनाला गाडी बदलून मग मिलान आणि पुढे फ्लोरेन्स, हे आई-वडिलांना घेऊन एका दिवसात करू नका. झुरिकच्या चार दिवसांतला एक दिवस फक्त त्यासाठी काढा आणि थेट गाडीनं परत या.

सीमा ओलांडणाऱ्या युरोसिटीत आरक्षण सक्तीचं आहे. स्विस ट्रॅव्हल पास इटलीत चालत नाही, कियासो या सीमेवरच्या गावाशी तो संपतो. त्यामुळे झुरिक-मिलानचं सवलतीचं अखंड तिकीट आधी काढणं, आणि तो दिवस पासच्या बाहेर ठेवणं, हे सगळ्यात सुटसुटीत. आपसात नेहमीची सीमा तपासणी नसलेल्या देशांच्या शेंगेन क्षेत्रात असूनही कियासोला पोलीस किंवा सीमाशुल्क अधिकारी डब्यात येऊन पासपोर्ट बघू शकतात. पासपोर्ट अंगावरच्या पिशवीत हवेत, वर ठेवलेल्या बॅगेत नकोत.

मिलानला गाडी बदलणं हा तुमच्या बेतातला एकमेव नाजूक सांधा आहे. झुरिक-मिलान आणि मिलान-फ्लोरेन्स ही दोन सुटी तिकिटं असतील, आणि पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर दुसऱ्या गाडीच्या कंपनीच्या दृष्टीनं तुम्ही आलाच नाहीत. एकाच व्यवहारात झुरिक ते फ्लोरेन्स अखंड तिकीट मिळालं तर तेच घ्या, मग पुढच्या गाडीत बसवणं ही रेल्वेची जबाबदारी होते. सुटी तिकिटं घ्यावी लागली तर मध्ये किमान दीड तास ठेवा. आणि इटलीत दोन कंपन्या एकाच रुळावरून गाड्या चालवतात: ट्रेनइतालियाची फ्रेच्चारोसा आणि २०१२ पासून धावणारी इतालो. एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही. समोर लाल गाडी उभी आहे म्हणून चढायचं नाही, दोन्ही लालच आहेत.

इटलीत फलकावर तुमच्या गावाचं नाव शोधू नका, गाडीचा नंबर शोधा. फ्लोरेन्सला जाणाऱ्या गाडीपुढे रोमा, नापोली किंवा सालेर्नो असं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. फलाटाला ‘बिनारियो’ म्हणतात, आणि ‘रितार्दो’च्या रकान्यात आकडा दिसला तर तेवढी मिनिटं उशीर. गावांची नावंही तिथली असतात: फिरेंझे (फ्लोरेन्स), मिलानो, रोमा, व्हेनेत्सिया (व्हेनिस). तिकीट काढताना स्टेशन पूर्ण वाचा. फिरेंझे एस. एम. एन. (सांता मारिया नोव्हेल्ला) हे मधलं, काम्पो दी मार्ते आणि रिफ्रेदी ही बाजूची. रोमात तेर्मिनी हवं, तिबुर्तिना नको. पुढे कधी व्हेनिसला जाल तर मेस्त्रे हे किनाऱ्यावरचं स्टेशन आहे, पाण्यातल्या शहरात उतरायला सांता लुचिया. मिलान आणि रोमला फलाटांकडे जाताना तिकीट दाखवावं लागतं, अर्धा तास आधी पोहोचलात तर पुरे.

फ्लोरेन्सहून पिसाला जाल तेव्हा प्रादेशिक गाडी असेल, आणि इथं नवख्यांना सर्वाधिक दंड होतो. कागदी तिकीट विकत घेणं पुरेसं नसतं. फलाटाच्या तोंडाशी छोटी यंत्रं असतात, त्यात घालून तारीख-वेळेचा छाप मारून घ्यावा लागतो, आणि मगच गाडीत चढायचं. छाप नाही म्हणजे तिकीट वापरलेलं नाही, तेच उद्याही चाललं असतं, असा तपासनिसाचा साधा तर्क आहे. तो ‘मी पर्यटक आहे’ यानं बदलत नाही. ॲपवरचं प्रादेशिक तिकीट असेल तर त्यात चढण्याआधी ‘चेक-इन’चं बटण दाबायचं. फ्रेच्चारोसाच्या तिकिटाला यातलं काही लागत नाही, कारण ते आधीच एका गाडीशी बांधलेलं आहे. तिकिटाला विचारायचा तो पहिला प्रश्न इथं असा कामाला येतो.

तिकिटाच्या यंत्राजवळ कोणी आपणहून मदतीला आलं तर नम्रपणे नको म्हणा. मोठ्या इटालियन स्टेशनांवर आणि पॅरिसमध्ये पाकीटमार नेमके तिथं, आणि गाडी सुटण्याच्या आधीच्या दोन मिनिटांत दारापाशी असतात. त्या वेळेत बॅगांकडे एका माणसानं फक्त लक्ष द्यावं, फोटो नंतर काढा.

इटलीत आणि फ्रान्समध्ये संप होतात. घाबरण्याचं कारण नाही, ते सहसा आधी जाहीर होतात. इटलीत कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात, आणि लांबच्या चालू राहणाऱ्या गाड्यांची यादी आधी प्रसिद्ध होते. प्रवासाच्या दोन दिवस आधी आणि आदल्या संध्याकाळी ॲपवर आपल्या गाडीचा नंबर टाकून बघा.

उशीर झाला तर तुमचे हक्क आहेत. युरोपीय संघाच्या २०२१/७८२ या नियमानुसार, जो ७ जून २०२३ पासून लागू आहे, मुक्कामी पोहोचायला ६० ते ११९ मिनिटं उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तास किंवा जास्त झाला तर ५० टक्के परत मागता येतात. वादळ-पुरासारख्या कारणांना ते लागू नाही. तासाभराहून जास्त उशीर होणार असं दिसताच प्रवास सोडून पूर्ण पैसे घेणं किंवा दुसऱ्या गाडीनं जाणं, यातलं एक निवडता येतं. अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा, म्हणून घरी पोहोचेपर्यंत तिकीट फोनमधून काढून टाकू नका. गाडी रद्द झाली की पहिलं काम म्हणजे कर्मचाऱ्याला गाठून तिकीट दाखवणं. आपणहून दुसऱ्या गाडीत चढू नका, आधी त्याचा होकार घ्या, शक्य असेल तर तिकिटावर तशी नोंद करून घ्या.

तिकिटं काढायचा क्रम माझ्या मते असा ठेवा: आधी झुरिक-मिलान-फ्लोरेन्स, कारण तुमचा सगळा बेत त्या दिवसावर टेकलेला आहे. सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमाराची झुरिकहून सुटणारी थेट गाडी बघा, म्हणजे गडबड झाली तरी मिलानहून दुपारच्या पुष्कळ गाड्या हाताशी राहतात. मग पॅरिस-झुरिक, खालच्या मजल्यावर, पाचही जागा शेजारी. फ्लोरेन्स-रोम सगळ्यात शेवटी काढलंत तरी चालेल, दीड तासाचा प्रवास आहे आणि दिवसभर गाड्या आहेत. ते काढताना ट्रेनइतालियाच्या यादीत ‘बिंबी ग्रातिस’ ही सवलत दिसते का बघा. १५ वर्षांखालचं मूल बरोबर असलेल्या दोन ते पाच जणांच्या गटात मुलाचं भाडं लागत नाही, मोठ्यांना मात्र मूळ दर भरावा लागतो. मोठ्यांची सवलतीची तिकिटं आणि मुलीचं वेगळं तिकीट मिळून याहून स्वस्त पडतात का, ते दोन्ही बेरजा मांडून ठरवा.